दहा दिवसांची बिलं

२०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं. माझं ऑफिस कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत, काम कर सल्लागाराचं. त्या संध्याकाळी वह्यांची पूजा केली, लाह्या-बत्तासे वाटले आणि स्कूटर काढून शिवाजी पुलावरून चिखलीला आक्काच्या घरी गेलो. दारात पणत्या लागल्या होत्या. सोप्यात भाची मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. रात्री अकरा एकोणसाठला अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या पहिल्या फेरीची मुदत संपणार होती.

फॉर्म दुपारीच भरून झाला होता. राहिलं होतं ते फक्त पाठवायचं बटण. तरी मी तिला एका ठिकाणी परत जायला लावलं. प्रश्न होता, तुम्ही आर्थिक मदतीसाठी अर्ज करणार आहात का? पुढे ‘होय’ होतं. तिसऱ्यांदा बघत होतो.

“मामा, होयच हाय. मी कितीदा दाखवू?” ती म्हणाली.

तिला दाखवायचं नव्हतं. मलाच बघायचं होतं.

त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या एका क्लायंटच्या मुलानं याच प्रश्नापुढे ‘नाही’ केलं होतं. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, उत्पन्न चौदा लाखांच्या आसपास, मुलगा गणितात फार पुढचा. त्यांना परदेशी प्रवेशाच्या एका सल्लागारानं सांगितलं होतं की मदत मागितली की दार बंद होतं. आधी आत जा, पैशाचं नंतर बघू. नेटवर्थच्या प्रमाणपत्राचे कागद मी तयार केले, सीएंची सही मीच आणली. मार्चमध्ये प्रवेश मिळाला, गल्लीत पेढे वाटले गेले. मग त्यांनी मदतीसाठी पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं होतं: परदेशी विद्यार्थ्यानं अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल तर नंतर विचार होत नाही, चारही वर्षं नाही. एका वर्षाचा खर्च ८२ हजार डॉलर, त्या वेळच्या भावानं सदुसष्ट लाखांच्या घरात. तो मुलगा आता इथंच इंजिनिअरिंग करतो, चांगलं करतो. पण त्याच्या वडिलांनी मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही, आणि ते मला अजून सोसत नाही. आकड्यांचा माणूस मी होतो. चौदा लाखांच्या घरातून सदुसष्ट लाख येणार कुठून, हे त्या दिवशी टेबलावर मी विचारायला हवं होतं.

तो सल्ला निव्वळ खोटा नव्हता, म्हणूनच तो इतका पसरतो. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं परदेशी मुलाचा अर्ज वाचताना त्याच्यावर किती खर्च करावा लागेल हेही बघतात. याला नीड-अवेअर म्हणतात. परदेशी मुलांसाठीची रक्कम ठरलेली असते. तोडीस तोड दोन मुलं समोर आली तर कमी खर्चाचं मूल पुढे सरकतं. परदेशी मुलाची गरज न बघता प्रवेश ठरवणारी, म्हणजे नीड-ब्लाइंड, आणि वर पूर्ण गरज भागवणारी, म्हणजे घराला न झेपणारा सगळा खर्च उचलणारी कॉलेजं फार थोडी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन; ब्राउन त्यात २०२४च्या अर्जांपासून आलं. आणखी मोजकी दोन-तीन. तिथं मदत मागितल्यानं काही बिघडत नाही, पण जगभरातली हुशार मुलं तिथंच रांग लावतात. सल्लागारानं न सांगितलेला अर्धा भाग असा की ज्या घराला पैशाची गरज आहेच, त्यानं ती लपवून मिळवलेला प्रवेश म्हणजे हातात आलेला नुसता कागद. आत जायचं दार तो उघडत नाही.

भाचीच्या वेळी मी हे सगळं मुळापासून वाचायला बसलो. समजायला दोन महिने लागले, म्हणून सावकाश सांगतो.

नेहमीच्या फेरीआधीच्या, म्हणजे लवकरच्या फेऱ्या दोन जातीच्या असतात. अर्ली डिसिजन बांधून घेणारी: असा अर्ज एकाच कॉलेजला, त्यावर विद्यार्थ्याची, पालकाची आणि शाळेची सही, आणि प्रवेश मिळाला तर तिथंच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये उत्तर लवकर मिळतं, पण बंधन नसतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची याहून वेगळी रीत आहे. त्यांच्याकडे लवकर अर्ज केला तर अमेरिकेतल्या दुसऱ्या खासगी कॉलेजला त्या फेरीत अर्ज करता येत नाही, मात्र निवड झाली तरी १ मेपर्यंत विचार करायला मोकळीक असते. नीड-ब्लाइंड यादीतलीच डार्टमथ, ब्राउन, बोडन, अ‍ॅमहर्स्ट मात्र लवकरच्या फेरीत बांधून घेतात. यादी एक असली तरी सहीचा अर्थ दोन ठिकाणी दोन होतो, आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथंच.

लवकरच्या फेरीत प्रवेशाचा टक्का जास्त दिसतो, आणि सगळे त्याकडे बोट दाखवतात. मी तो आकडा तसाच धरत नाही. त्यात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं असतात, काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. पण नीड-अवेअर असलेल्या छोट्या कॉलेजांत एक गोष्ट खरी वाटते. नोव्हेंबरात परदेशी मुलांसाठीची थैली भरलेली असते, मार्चमध्ये हात घातला तर तळ लागतो. शिवाय ‘तुम्हीच बोलावलंत तर मी येणारच’ असं सांगणाऱ्या मुलावर पैसा लावणं त्यांनाही सोपं जातं.

मग सगळ्यांनीच सही करावी का? माझं मत अगदी स्पष्ट आहे आणि ते बऱ्याच पालकांना उलटं वाटतं. ज्या घराकडे देण्यासारखं जवळजवळ काहीच नाही, त्याला पूर्ण गरज भागवण्याची हमी देणाऱ्या कॉलेजात अर्ली डिसिजनचा धोका कमी. तुलना कशाशी करायची? हमी एकच आहे. खरा धोका नोकरदार मधल्या घराला. फ्लॅट आहे, पीएफ आहे, वर्षाला वीस लाख कसेबसे काढता येतील, आणि बाकीचं कॉलेज देईल असा अंदाज. त्या घराची ‘गरज’ किती हे ते घर ठरवत नाही, कॉलेजचं सूत्र ठरवतं. दोघांच्या हिशेबात आठ-दहा लाखांचं अंतर सहज पडतं, आणि चार कॉलेजांची पत्रं समोर ठेवून बोलायची सोय सहीनं आधीच घालवलेली असते. मदत खरोखरच अपुरी पडली तर बंधनातून सुटता येतं, तशी तरतूद करारातच आहे. पण तेव्हा डिसेंबर संपत आलेला असतो, आणि बाकीचे अर्ज तयार नसतील तर सुटून जायचं कुठं?

आक्काचं घर पहिल्या प्रकारातलं. अडीच एकर ऊस, चार म्हशी, दोन मुलं. भाची दहावीपर्यंत गावच्या हायस्कूलमध्ये, अकरावी-बारावी शहरात. रोज एसटीनं ये-जा.

तरीही जूनमध्ये मी पहिल्यांदा कागद मागितले तेव्हा दाजी गप्प झाले. शांतपणे म्हणाले, “पावणं, परक्या मुलखात आपली गरिबी कशाला मांडायची? पोरगी हुशार हाय म्हनून घेत्यात तर घेऊ द्यात.”

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत होतो. उशीर होतो तो बहुधा या लाजेपायी, माहिती नसल्यानं कमी. आमच्याच गावाकडे बघा. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांची अशी एकामागून एक बोर्डिंगं या शहरात उभी राहिली. खेड्यातला पोरगा शिकायला आला तर तो राहणार कुठं आणि खाणार काय, हा प्रश्न इथं राजानं स्वतःचा मानला. त्या बोर्डिंगांत राहून शिकलेल्या माणसांना मी भेटलो आहे, आणि ‘आम्ही फुकट राहिलो’ असं ते मान खाली घालून सांगत नाहीत. त्याच्याही आधी कोल्हापुरात शिकत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना थोरल्या भावानं शिक्षण सोडून, पंधरा रुपयांच्या पगारातले आठ रुपये महिन्याला धाडले होते. पंधरातले आठ. मी दाजींना एवढंच सांगितलं की त्या घरात कुणीतरी पंधरा हा आकडा मोठ्यानं बोललं असणार, त्याशिवाय आठ ठरले नसते.

दाजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आक्का पिशवीभर कागद घेऊन माझ्या ऑफिसात आली.

अमेरिकन कॉलेजं परदेशी मुलांच्या घरचा हिशेब बहुतेक करून सीएसएस प्रोफाइल नावाच्या फॉर्मवर मागतात. तो १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. बरीच कॉलेजं गरजू परदेशी मुलांना फीमाफीचा कोड देतात, पण तो पत्र लिहून मागावा लागतो. आकडे आपल्या रुपयांतच भरायचे, ही त्यातली सोय. बाकी तो फॉर्म पगारदार माणूस डोळ्यासमोर ठेवून केलेला आहे. दाजींना पगार नाही. विवरणपत्रही नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. दुधाचं उत्पन्न कायद्यानं शेतीचं धरत नाहीत, पण ते करपात्र मर्यादेच्या बरंच आत. म्हणजे विवरणपत्र का नाही याचंच एक पत्र करावं लागलं.

उसाचं बिल घ्या. पावतीवर शंभर टनाच्या आसपासची रक्कम दिसते. बँकेत जमा होताना सेवा सोसायटीचं पीककर्ज त्यातून कापून गेलेलं असतं. त्यातला काही ऊस आडसाली, म्हणजे अठरा महिन्यांचा: खर्च एका आर्थिक वर्षात, पैसे दुसऱ्यात. पासबुक एक सांगतं, पावती दुसरं, आणि दोन्ही खरं. सातबारा तर आणखी अवघड. त्यावर तिघा भावांची नावं सामाईक, क्षेत्र साडेसात एकर. परक्या माणसानं वाचलं तर हे जमीनदार. जमिनीची किंमत लिहायची तेव्हा भाचीनं गावातला चालू भाव गुणून बघितला आणि माझ्याकडे घाबरून पाहिलं. आकडा कोटीच्या पुढं गेला होता.

आम्ही तो लपवला नाही. सोबत पत्र जोडलं. दाजींचा वाटा अडीच एकरच, निम्मं क्षेत्र पूररेषेत, भावांच्या संमतीशिवाय विकता येत नाही, आणि विकली तर ज्या उत्पन्नाचा हिशेब तुम्ही मागता तेच संपतं. त्याच जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती आणि चिखलीच्या शिवारात पाणी उभं राहिलं होतं. त्याचेही दोन फोटो आणि पंचनाम्याची प्रत जोडली. असं ‘विशेष परिस्थिती’चं पत्र ही दयेची याचना नसते, फॉर्मला जे विचारायचं सुचलं नाही त्याचं ते उत्तर असतं. ते मुलांनी स्वतः, साध्या भाषेत लिहावं. भाचीनं लिहिलेलं एक पानाचं पत्र माझ्या तीन पानांपेक्षा स्वच्छ होतं, म्हणून तेच गेलं.

खरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची निघाली. शहरातल्या कॉलेजच्या सवलतीसाठी आदल्या वर्षी काढलेल्या दाखल्यावर ९६ हजार होते. ऊस, दूध मिळून खर्च वजा जाता आमची बेरीज आली तीन लाख दहा हजार. असे दाखले कसे निघतात हे गावात सगळ्यांना माहीत असतं, आणि कुणी वाईट हेतूनं काढतं असंही नाही. आक्का म्हणाली, ९६ हजारच लिहू, कागद तर सरकारी आहे. कमी उत्पन्न म्हणजे जास्त मदत, असं तिला वाटणं साहजिक होतं. मी ऐकलं नाही. दूध संस्थेची दहा दिवसांची बिलं जोडायची होती आणि ती वेगळंच बोलत होती. वाचणारा माणूस हजारो मैलांवर असला तरी त्याला बेरीज येते. आणि तीन लाख दहा हजार हे काही श्रीमंतीचं लक्षण नव्हतं. सत्तर लाखांच्या खर्चापुढे ९६ हजार काय आणि तीन लाख काय, गरज तेवढीच राहते. खोटेपणा मात्र उरतो. नवीन दाखला काढला. त्यात पाच आठवडे गेले.

म्हणून जूनपासून सुरुवात. नोव्हेंबर ही फक्त पाठवायची तारीख.

बिलांचं सांगायचं राहिलं. गोकुळला दूध घालणाऱ्या घरात दर दहा दिवसांनी संस्थेची पावती येते: लिटर, फॅट, दर, पशुखाद्याची कपात. वर्षाला छत्तीस, आणि दिवाळीला दर फरकाची वेगळी. दाजी ती वाचून चुलीत टाकायचे. आम्हाला छत्तीसमधली अकरा सापडली, तीही फडताळातल्या कागदाखाली अंथरलेली. बाकीची संस्थेच्या सचिवांनी जुन्या वहीवरून परत काढून दिली. त्यांचे उपकार मोठे आहेत.

शाळेच्या कागदांनीही वेळ खाल्ला. चार वर्षांच्या गुणपत्रिका लागतात, आणि आपल्याकडे दहावीनंतर संस्था बदलते. नववीची गुणपत्रिका मराठीत, हस्ताक्षरातली. तिचं भाषांतर करून मुख्याध्यापकांचा शिक्का आणला. ‘काउन्सेलर’ म्हणून कॉलेजच्या उपप्राचार्य बाईंनी जबाबदारी घेतली आणि रविवारी घरी बसून शिफारसपत्र टाइप केलं. सॅट, म्हणजे अमेरिकन कॉलेजांसाठीची प्रवेशपरीक्षा, पुण्यात, ऑगस्टमध्ये. त्याबद्दल विशेष काही सांगण्यासारखं नाही. दिली, बरी झाली.

कुठं सही करायची यावर घरात तीन आठवडे वाद झाला. भाचीला नीड-ब्लाइंड यादीतलंच हवं होतं. माझा कल छोट्या, नीड-अवेअर पण पूर्ण गरज भागवणाऱ्या कॉलेजकडे. शेवटी तिनं ठरवलं. पहिली फेरी तिच्या मनाच्या कॉलेजला, बांधून घेणारीच, आणि तिथून नकार आला तर अर्ली डिसिजनची दुसरी फेरी माझ्या यादीतल्या एकाला. ही दुसरी फेरी आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते. मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीत, बंधन पहिल्यासारखंच. मात्र अट मी घातली: डिसेंबरच्या निकालाची वाट न बघता बाकीचे सगळे अर्ज तयार ठेवायचे, मदतीच्या फॉर्मसकट.

निकाल तिकडच्या संध्याकाळी सातला लागतो. म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाच, आणि चिखलीत साडेपाच म्हणजे धारांची वेळ. मी आदल्या रात्री राहायलाच गेलो होतो. गोठ्यातला बल्ब लागला होता, दाजी दुसऱ्या म्हशीखाली बसले होते. भाचीनं पान उघडलं आणि वाचलं. नाही. पुढच्या फेरीत ठेवलं असंही नाही, सरळ नाही.

तिनं लॅपटॉप मिटला, गोठ्यात गेली आणि वैरण टाकायला लागली. दाजींनी विचारलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “न्हाई झालं. दुसरं पाठवतो आज.” आमच्याकडच्या पोरी ‘पाठवतो’च म्हणतात. त्या पहाटे तो शब्द मला फार धीराचा वाटला. आणि तिनं खरंच त्याच दिवशी पाठवलं, कारण पाठवायला तयार होतं. नसतं, तर त्या मनःस्थितीत दोन आठवड्यांत नवे निबंध लिहून झाले असते असं मला वाटत नाही.

बारावीची बोर्डाची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली. दुसऱ्या फेरीचा निकाल परीक्षेच्या मध्येच आला, पुन्हा पहाटे. या वेळी तिनं मला फोनवर ओळी वाचून दाखवल्या आणि मी ऑफिसच्या सवयीनं त्या कागदावर घेत गेलो. एकूण खर्च ८४,००० डॉलर. कॉलेजचं अनुदान ७९,५००. कॅम्पसवर काम करून ३,०००. पालकांचा वाटा १,५००. बेरीज दोनदा केली.

दाजींनी फोन घेतला. “आमचा किती म्हनला?”

“पंधराशे डॉलर. साधारण एक लाख तीस हजार, वर्षाला.”

ते थांबले. मागे किटलीचा आवाज येत होता. “म्हंजी वर्साला एक म्हस,” ते म्हणाले. “हे आपन देऊ. ह्ये तरी आपलं पायजेच की.”

पुढचं झटपट झालं. बाकीचे अर्ज त्याच आठवड्यात मागे घेतले. लवकर ठरल्यामुळं व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा आय-ट्वेंटी कागद वेळेत आला, परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीची ३५० डॉलरची सेव्हिस फी भरली, व्हिसाची मुलाखत मुंबईत मेच्या पहिल्या पंधरवड्यात झाली. त्याच महिन्याच्या अखेरीला अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणं काही आठवडे थांबवलं. तेव्हा एप्रिलमध्ये ठरलेल्या मुलांच्या घरांतून मला फोन येत होते आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

ती ऑगस्टमध्ये गेली. मदत एकदाच मिळून चार वर्षं चालत नाही. दर वर्षी उत्पन्नाचे कागद नव्यानं द्यावे लागतात. मी हे दाजींना सांगायचं ठरवून होतो, पण विसरलो.

गेल्या रविवारी चिखलीला गेलो होतो. सोप्यात, देव्हाऱ्याच्या शेजारी खिळ्याला एक तार अडकवलेली दिसली. टोक वाकवलेलं, आणि तिच्यात पावत्या ओवलेल्या. लिटर, फॅट, दर, कपात. मी मोजल्या नाहीत. दाजी म्हणाले, “मोज की. ऑगस्टपास्नंच्या समद्या हायत.”